नंबर उलटा वाचला की फोन सुलटा लागतो

शेजारच्या काकूंनी मोबाइलची कंपनी बदलली. नंबर मात्र तोच ठेवला, कारण तो दूधवाल्यापासून साताऱ्याच्या नणंदेपर्यंत सगळ्यांना पाठ. दोन दिवसांनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "नंबर तोच, कंपनी दुसरी. मग फोनला कळतं कसं रे, कुठं जायचं ते?" आमच्या कोपरखैरण्यात असल्या प्रश्नांबरोबर पोहे मिळतात, म्हणून मी बसलो सांगायला.

पूर्वी नंबर म्हणजे वाटच होती. कॅन्सस सिटीत अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या आल्मन स्ट्रोजरला १८९१मध्ये आपोआप फोन जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. त्या पद्धतीच्या एक्स्चेंजमध्ये डायल फिरवली की यंत्राचा हात तितकी घरं सरकायचा. शेवटचा आकडा फिरला की तार जुळलेली. म्हणजे आकडे फिरवणं हेच चालत जाणं. लँडलाइनच्या नंबरात ती वाट अजून दिसते: ०२२ म्हणजे मुंबई, ठाणे, नवी मुंबई (कल्याणला गेलात की ०२५१), पुढचे काही आकडे एक्स्चेंजचे, उरलेले तुमच्या घराचे.

मोबाइलच्याही सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल (मोबाइल सेवेसाठी पाडलेला देशाचा विभाग) ओळखता यायचं. २० जानेवारी २०११ला नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय देशभर लागू झाली आणि ती खूण गेली. नंबर आता वाट सांगत नाही. तो नुसतं नाव आहे, आणि नावावरून पत्ता हुडकायचा तर कुठंतरी वही हवी.

अशी एक जगभर पसरलेली वही इंटरनेटकडे आधीपासूनच होती. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये आखलेली डीएनएस. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, ती त्यामागचा आकडी पत्ता काढून देते. २०००मध्ये स्वीडनच्या पॅट्रिक फाल्टस्ट्रॉम यांनी तिच्यातच फोन नंबर बसवायची रीत मांडली. तिचं नाव ईनम.

अडचण एकच होती, दोघांची तोंडं उलट दिशेला. टपालाचा पत्ता आठवा: प्लॉट, सेक्टर १५, वाशी, नवी मुंबई. लहानापासून मोठ्याकडे. डोमेनचं नावही असंच असतं, म्हणून डीएनएस ते उजवीकडून वाचत येते. फोन नंबर मात्र मोठ्यापासून लहानाकडे जातो: देश, शहर, एक्स्चेंज, घर. उपाय अगदी शाळकरी: नंबर उलटा करा. समजा +९१ २२ १२३४ ५६७८ असा नंबर आहे (लँडलाइनच्या आठ आकड्यांची सुरुवात आपल्याकडे १ने होत नाही, तेव्हा कुणाला त्रास नको). अधिकचं चिन्ह काढा, आकडे उलटे लिहा, मध्ये टिंबं द्या आणि शेवटी ठरलेलं आडनाव जोडा:

८.७.६.५.४.३.२.१.२.२.१.९.ई१६४.अर्पा

ई१६४ हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नंबर-नियमाचं नाव. देशाच्या कोडासकट जास्तीत जास्त १५ आकडे, हा त्यातलाच नियम. अर्पा हा इंटरनेटच्या आधीच्या जाळ्याच्या, अर्पानेटच्या काळातला अवशेष.

आता हे नाव घेऊन डीएनएसला विचारायचं. उत्तरात येते ती नुसता पत्ता नव्हे, तर नंबराचं रूपांतर कशात करायचं याची कृती. मला ईनममधला हा भाग सगळ्यात देखणा वाटतो. एका नंबरापुढं अशा अनेक नोंदी क्रमाने लावता येतात: आधी इंटरनेटवरून फोन लावा, ते जमलं नाही तर दुसरा नंबर, तेही नाही तर ईमेल. पिठाच्या गिरणीवर असते तशी पाटी, 'दुकान बंद असल्यास शेजारी विचारा'.

ऑस्ट्रियाने डिसेंबर २००४मध्ये ही सेवा व्यापारी तत्त्वावर सुरूही केली. घरोघरी मात्र ती कधी पोचली नाही. डीएनएस ही चावडीवर टांगलेली वही; आपला नंबर आणि त्यामागचे पत्ते तिथं लावायला कोण तयार होणार? शिवाय दुसऱ्याचा कॉल आपल्या ग्राहकाला जोडून दिल्याबद्दल कंपनीला पैसे मिळायचे. आपल्याकडेच मोबाइल कॉलला मिनिटाला ६ पैसे होते, ते १ जानेवारी २०२१पासून शून्य झाले. ग्राहकांनी परस्पर इंटरनेटवरून बोलावं अशी घाई कंपन्यांना कशाला असेल?

गंमत म्हणजे त्याच कंपन्यांनी पुढं ती रीत उचलली आणि आपापल्या बंद जाळ्यात वापरली. ४जीवर आवाज इंटरनेटच्या पाकिटांतून जातो, आणि ते जाळं नुसत्या आकड्यांवर कॉल पाठवू शकत नाही. त्याला ईमेलसारखा दिसणारा पत्ता लागतो. तो ईनमला विचारून मिळतो. नोंद सापडली नाही, तर कॉल जुन्या पद्धतीच्या जाळ्याकडे वळवला जातो. कंपनी बदललेल्या नंबरांचा हिशेबही या वहीत आणता येतो. नाहीतर त्यासाठी वेगळी यादी पाहावी लागते.

"म्हणजे माझं नाव त्या वहीत आहे?" काकूंनी विचारलं.

नाव नाही, नंबर आहे, मी म्हटलं. पण ती वही आपल्याला घरच्या वायफायवरून उघडता येत नाही.

"पण उलटाच लिहिलाय ना?"

उलटाच. काकूंनी तिथंच स्वतःचा नंबर शेवटाकडून म्हणायला घेतला, आणि चौथ्या आकड्याला अडकल्या.