दैवी दावा आणि डोळ्यांवरची पट्टी

देव आहे की नाही, भूत असते की नसते, हा विज्ञानाचा प्रांतच नव्हे, असे श्रद्धाळू म्हणतात. पुष्कळ वैज्ञानिकही तसेच म्हणतात. पण गेल्या अडीचशे वर्षांत हा प्रश्न प्रयोगाच्या टेबलावर अनेकदा आला, आणि दर वेळी तो एखादा ठोस दावा बनूनच आला.

१७७५च्या सुमारास दक्षिण जर्मनीत योहान गास्नर नावाचा धर्मगुरू आजाऱ्यांच्या अंगातला सैतान काढत असे, आणि त्याच्याकडे लोकांची रीघ लागलेली असे. फ्रान्झ मेस्मर या डॉक्टरला म्युनिकला बोलावून याबद्दल विचारले गेले. त्याने गास्नरसारखेच परिणाम मंत्राविना करून दाखवले. सैतान वगैरे काही नाही, सगळ्या प्राण्यांत वाहणाऱ्या एका सूक्ष्म द्रवाचा हा खेळ आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्या द्रवाच्या शक्तीला त्याने प्राणिज चुंबकत्व म्हटले. म्हणजे दैवी गोष्ट त्याने निसर्गात आणून बसवली. निसर्गात आणली म्हटल्यावर ती तपासणेही आले.

ते काम १७८४ मध्ये पॅरिसला झाले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने नेमलेल्या आयोगात बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए, खगोलशास्त्रज्ञ बायी आणि डॉक्टर गियोतँ होते. (पुढे शिरच्छेदाच्या ज्या यंत्राला, गिलोटिनला, या डॉक्टरांचे नाव चिकटले, त्याच यंत्राखाली लाव्हाझिए आणि बायी यांचा शेवट झाला.) फ्रँकलिन आजारी असल्यामुळे काही प्रयोग त्यांच्या पॅसी येथील घरीच झाले. मेस्मरचा सहकारी देस्लों याने बागेतल्या जर्दाळूच्या एका झाडात शक्ती भरली. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेले. पहिल्याच झाडाला त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. शक्ती भरलेले झाड या चारांत नव्हतेच, ते काही अंतरावर होते.

मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. त्या मुलाला कुणी खोटे ठरवले नाही, त्याचे बेशुद्ध पडणे खरेच होते. आयोगाने एवढेच वेगळे काढले की, शक्ती आहे असे वाटले की झटके येतात, मग ती असो वा नसो. आणि रुग्णाला पत्ता न लागू देता दिली तर काहीच होत नाही. आज औषधांच्या चाचण्यांत कोणाला औषध मिळाले आणि कोणाला साधी गोळी, हे लपवून ठेवतात. ती पद्धत इथूनच निघते.

१८५३ मध्ये लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले होते. लोक टेबलाभोवती हात ठेवून बसत, टेबल सरके, आणि ते आत्म्याचे काम मानले जाई. भौतिकशास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने टेबलावर पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट द्रव्याने एकमेकांवर बसवले. टेबलाने हातांना ओढले असते, तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा. हात ढकलत होते, आणि ढकलणाऱ्या सज्जनांना त्याची कल्पनाही नव्हती.

सगळेच दावे असे सुटत नाहीत. अमेरिकेत हृदय-शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर प्रार्थनेचा परिणाम तपासला गेला, त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये आला. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना माहीत नव्हते, त्यांच्यात प्रार्थनेने फरक पडला नाही. यावर आस्तिकाचे उत्तर तयार असते: देव परीक्षेला बसत नाही. आणि ते उत्तर खोडताही येत नाही. जो दावा जगात काय घडेल हे सांगतच नाही, त्याला पकडायला प्रयोगाकडे काही नसते. त्याच्या आदल्याच वर्षी, सजीवांमागे बुद्धिमान निर्माता असल्याचे शाळेत विज्ञान म्हणून सांगावे का, या डोव्हरच्या खटल्यात अमेरिकी न्यायाधीशांनी निसर्गाबाहेरची कारणे विज्ञानाच्या नियमांत बसत नाहीत असे म्हटले, ते याच अर्थाने.

आपल्याकडे हा वाद फलज्योतिषावर येऊन ठेपला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले. शास्त्रज्ञ पुष्प मित्र भार्गव सर्वोच्च न्यायालयात गेले, २००४ मध्ये याचिका फेटाळली गेली. जयंत नारळीकरांनी दुसरी वाट धरली. सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासोबत त्यांनी पुण्यात चाचणी उभी केली. पत्रिकेवरून बुद्धी कळते असा ज्योतिषांचाच दावा होता, म्हणून १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुले निवडली. त्यांच्या कुंडल्या संगणकावर मांडल्या, मिसळल्या, नुसते क्रमांक दिले. ५१ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी ४६ टक्के उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तर ५० आली असती. सर्वांत वरच्याची ४० पैकी २४ बरोबर होती. २७ जणांनी नाणी उडवली, तरी एखादा तिथपर्यंत पोहोचतोच. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, १०२ बरोबर सांगितल्या.

अशा आकड्यांनंतर नेहमीचा बचाव असतो की ज्योतिषाला साधना लागते, अंतःस्फूर्ती लागते, नुसत्या पत्रिकेवरून सगळे कळत नाही. हे खरे मानले, तरी नुसती पत्रिका पाहून स्थळे नाकारणाऱ्या घरांचे काय? मंगळ असलेल्या मुलीला नकार देताना कुणी अंतःस्फूर्तीची वाट पाहत नाही, तिथे कागदावरची कुंडलीच पुरते. पुण्यात नेमकी तीच तपासली गेली. ज्यांना हा निकाल मान्य नाही, त्यांना त्याच पद्धतीने जास्त कुंडल्या घेऊन, स्वतः निवडलेल्या ज्योतिषांसह चाचणी पुन्हा करता येईल. तिची रीत आणि आकडे २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापलेले आहेत.