बाजूच्या प्याद्याने सुरुवात म्हणजे मधली घरं सोडणं?

सोलापुरात मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा जवळ आल्या की पालकांच्या ग्रुपवर एक सल्ला हमखास फिरतो: पहिली खेळी ई४ किंवा डी४ हवी (अक्षर म्हणजे उभी ओळ, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर लिहिलं की खेळी प्याद्याची), सी४ खेळणारा पटाचा मध्य सोडून देतो.

नियमाचा गाभा खरा आहे, मधल्या चार घरांवर (डी४, ई४, डी५, ई५) ताबा हवाच. पण ताबा म्हणजे तिथे प्यादं बसवणंच असं नाही. त्या घरावर मारा असला तरी तो ताबाच. सी४चं प्यादं थेट डी५वर मारा करतं.

पट मांडून बघा. पांढरा सी४, काळा ई५. जी३, घोडा एफ६. उंट जी२, डी५. पांढरा सी४च्या प्याद्याने डी५चं प्यादं मारतो, काळा घोड्याने परत मारतो. आता पांढरा घोडा सी३. डी५च्या घोड्यावर मारे मोजा: घोडा आणि उंट, दोन. राखण एकट्या वजिराची. म्हणून काळा बहुधा घोडा बी६ला नेतो, आणि तेवढ्यात पांढऱ्याचं एक मोहरं फुकटात बाहेर आलेलं असतं.

गडबड होते ती पुढे. घोडा एफ३ला आला की जी२च्या उंटाची तिरकी रेघ बंद होते, हे मुलं विसरतात. शिवाय डी३ किंवा डी४ लांबवत बसलं तर काळ्याला मध्यात पसरायला खरंच मोकळीक मिळते. बहुधा गैरसमज तिथूनच आला असावा.

१९७२च्या जागतिक अजिंक्यपदाचा सहावा डाव सी४ने सुरू झाला आणि तिसऱ्याच खेळीला पांढऱ्याने डी४ केलं. ए४, एच४ची गोष्ट मात्र वेगळी: ती प्यादी मध्याच्या एकाही घरावर मारा करत नाहीत.