गिलावा निवडण्याआधी भिंतीचं वय पाहा

नागपूरच्या महाल, इतवारी, धंतोली भागातल्या जुन्या घराचं प्लास्टर काढायची वेळ आली की मिस्त्री दोनच गोष्टी विचारतो: सिमेंट की जिप्सम? चुन्याचं नाव सहसा निघत नाही. ज्या भिंतीपुढे उभं राहून हा प्रश्न विचारला जातो, ती मात्र पुष्कळदा चुन्याचीच असते.

भोसल्यांच्या काळातले वाडे सागवानी खांब-तुळयांवर उभे राहिले. जोडकामाला माती किंवा चुना असायचा. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, भाजून निघालेली कळी पाण्यात विरवायची आणि सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, घालून बैलाच्या घाण्यात मळायची. त्यात गुळाचं, बेलफळाचं नाहीतर मेथीचं पाणी पडे. साध्या घरांत माती, कुटार (भुसा) आणि शेण. चुना हवेतला कर्बवायू घेत हळूहळू पुन्हा दगड होतो, पण त्याची छिद्रं बुजत नाहीत. पावसाळ्यात भिंत जे पाणी पिते ते उन्हाळ्यात तिला बाहेर टाकता येतं. माझ्या मते जुन्या भिंतीचं सगळं गणित इथंच आहे.

मग सिमेंट आलं. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होतं, त्याच प्रांतातल्या कटनीला १९१५ च्या सुमारास कारखाना सुरू झाला. १९३६ मध्ये नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा झाला आणि पुढे नवे लेआउट पडत गेले. तरी सिमेंट लगेच घरोघरी पोचलं नाही. दर आणि वाटप दोन्हींवर सरकारी नियंत्रण होतं. ते १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातही घुग्गुस, आवारपूर, गडचांदूरला मोठे कारखाने उभे राहिले. गोणी फोडली, कन्हानची रेती मिसळली की काम सुरू. चुना मुरवत बसणार कोण? चुन्याचे घाणे थांबले, आणि चुना हाताळणारे कारागीरही दुर्मीळ झाले.

फटका बसला तो जुन्या भिंतींना. त्यांच्या पायथ्याला ओल अडवणारा थर बहुधा नसतो. जमिनीतली ओल वर चढते, सिमेंटच्या कडक थरामागे अडते आणि क्षार घेऊन मिळेल तिथून बाहेर फुटते. यालाच आपण लोणा म्हणतो. खालचे तीन-चार फूट ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो. प्लास्टर निघतं तेव्हा विटेचा पापुद्राही सोबत येतो. नागपुरात त्यात कूलरची भर. चार महिने खिडकीखालची भिंत ओलीच राहते, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

जिप्सम फ्लॅट स्कीमच्या घाईतून घरात शिरलं. अर्ध्या तासात घट्ट होतं, वर पाणी मारावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये टँकर मागवणाऱ्याला ते पटणारच. पण सतत ओल लागली की ते मऊ पडतं. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या भिंतीला ठीक. लोणा लागलेल्या भिंतीला नको.

म्हणून आधी एका कोपऱ्यात विटांचा सांधा उघडा करून बघावा. पांढुरक्या मसाल्यात लाल कण दिसले तर चुना-सुरखी, तपकिरी आणि नखाने सुटणारा असेल तर माती, राखाडी आणि टणक असेल तर सिमेंट. राखाडी सांध्याच्या भिंतीला एक भाग सिमेंटला सहा भाग रेतीचं प्लास्टर चालतं. पहिल्या दोन्हींना चुनाच. एक भाग चुन्याला तीन भाग रेती, पातळ थरांत, आधीचा थर आवळल्यावर पुढचा. सगळ्या घराचा खर्च झेपत नसेल तर निदान खालचे चार फूट तरी चुन्यात करावेत. मे महिन्यात मात्र हे काम काढू नये, पाणी उडून थर भेगाळतो, दसऱ्यानंतर काढावं. आणि वर पुट्टी व प्लास्टिक पेंट चढवला तर चुन्याचे पैसे वाया गेले समजा. तिथं चुन्याची सफेदीच हवी.