शिष्यवृत्ती यजमानाची, नजर मायदेशाची

शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना आपला देश आवडेल आणि पुढे आपलं परराष्ट्र धोरणही पटेल, असा हिशेब यजमान सरकारं शंभराहून अधिक वर्षं मांडत आली आहेत. पहिला अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. दुसरा मात्र त्या विद्यार्थ्याच्या मायदेशाशी यजमान कसा वागतो, यावर ठरतो.

टोकियोचा अनुभव पाहा. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवलं आणि आशियातल्या तरुणांना तिथे भविष्य दिसू लागलं. हजारो चिनी विद्यार्थी टोकियोत होते. चिनी क्रांतिकारक सन यत्-सेन यांची संघटनाही त्याच वर्षी तिथेच स्थापन झाली. व्हिएतनामी स्वातंत्र्यसेनानी फान बोई चाऊ यांनी फ्रान्सच्या ताब्यातल्या व्हिएतनाममधून मुलं शिकायला आणली. पण जपानला स्वतःलाच साम्राज्य उभारायचं होतं. १९०७ मध्ये त्याने फ्रान्सशी करार केला, आणि पुढच्या दोनच वर्षांत व्हिएतनामी विद्यार्थ्यांना व खुद्द फान बोई चाऊंना जपान सोडावा लागला. १९१५ मध्ये जपानने चीनवर वर्चस्व मिळवण्यासाठी त्याच्यापुढे एकवीस मागण्या ठेवल्या, तेव्हा चिनी विद्यार्थी मोठ्या संख्येने शिक्षण अर्धवट टाकून परतले. १९१८ च्या चीन-जपान लष्करी करारानंतर पुन्हा तेच. तरीही जपानमधल्या सेंदाईत वैद्यक शिकलेले चिनी लेखक लू शुन आपल्या जपानी शिक्षकांविषयीची कृतज्ञता विसरले नाहीत. शिक्षक वेगळा आणि सरकार वेगळं, हे या तरुणांना नीट कळत होतं. त्यांना कृतघ्न म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच हिशेब मोठ्या प्रमाणावर मांडला गेला. १९४६ मध्ये अमेरिकेने परदेशात उरलेलं युद्धसाहित्य विकून येणाऱ्या पैशातून फुलब्राइट शिष्यवृत्ती सुरू केली. मॉस्कोने १९६० मध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी मैत्री विद्यापीठ काढलं.

अमेरिकेतल्या इराणी विद्यार्थ्यांची गोष्ट अधिक कडवट आहे. १९५३ मध्ये पंतप्रधान मोसादेक यांना पदच्युत करण्यात अमेरिका आणि ब्रिटनचा हात होता, आणि ही आठवण घेऊनच ते तिथे शिकत होते. नोव्हेंबर १९७७ मध्ये इराणचे राजे, शहा, वॉशिंग्टनला आले, तेव्हा निदर्शकांमध्ये मुखवटे घातलेले विद्यार्थी होते. शहांच्या गुप्त पोलिसांनी ओळखू नये म्हणून ही खबरदारी. अश्रुधूर व्हाइट हाऊसच्या हिरवळीपर्यंत पोहोचला, आणि स्वागत समारंभात राष्ट्राध्यक्ष कार्टर व शहा दोघेही डोळे पुसताना दिसले. दोन वर्षांनी तेहरानमधल्या दूतावासात अमेरिकी कर्मचारी ओलीस धरले गेले. मग अमेरिकेतल्या इराणी विद्यार्थ्यांना इमिग्रेशन कार्यालयात हजेरी लावण्याचा आदेश निघाला. शहांना विरोध करणारे आणि शहांचे समर्थक, दोघांनाही एकाच रांगेत उभं राहावं लागलं.

भारतही यजमान आहे, हे आपण फारसं लक्षात घेत नाही. भारत सरकारच्या सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर अफगाण विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या इथे शिकल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं आणि भारताने अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. कोविडच्या काळात घरी गेलेले अनेक विद्यार्थी तिकडेच अडकले. सरकारने सुरक्षेचं कारण दिलं, आणि ते पूर्ण निराधार म्हणता येणार नाही. पण भारताच्या मैत्रीची पारख हे विद्यार्थी आता त्या रद्द झालेल्या व्हिसावरूनही करणार.