आरव्हीतलं पाणी, सांडपाणी आणि प्रोपेन : गाडी ताब्यात घेण्याआधी वाचा

भाड्याची आरव्ही, म्हणजे आत स्वयंपाकघर, पलंग आणि संडास असलेली गाडी, न्यायला येता तेव्हा आम्ही अर्धा तास सगळं दाखवतो. सगळे माना डोलावतात, मुलं तोवर वरच्या बंकवर चढलेली असतात. आणि दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला फोन येतो : "शॉवरमध्ये खालून पाणी वर येतंय, काय करू?" त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. ग्रे टाकी भरली आहे. नळ बंद करा आणि पुढचं वाचा.

तीन टाक्या

आमच्या २५ फुटी गाड्यांत चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलनची आहे. सिंक आणि शॉवरचं पाणी जातं ती ग्रे टाकी, ३० गॅलनची. संडासाची ती ब्लॅक टाकी, तीही ३० गॅलनची. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटरपेक्षा किंचित जास्त. हिशेब सरळ आहे : ४० गॅलन आत घेतलं तर ते कुठेतरी साठणार, आणि जिथे साठणार ती जागा तुमच्याच पायाखाली आहे. न्यू जर्सीत, एडिसन गावातल्या घरी नळ सोडला की पाण्याचं पुढे काय झालं हे आपल्याला कधी पाहावं लागत नाही. इथे पाहावं लागतं.

भिंतीवरच्या पॅनेलवर टाक्या किती भरल्या ते दिवे दाखवतात. चांगल्या पाण्याचा दिवा बऱ्यापैकी खरं बोलतो. ब्लॅक टाकीचा मात्र नुकती रिकामी केली तरी 'दोन तृतीयांश भरली' असं सांगू शकतो, कारण आतल्या सेन्सरला कागदाचा चिकटा बसतो. गाडी बिघडलेली नाही. त्या दिव्यापेक्षा दिवस मोजा : चार माणसांत तीन ते चार दिवस, आई-बाबा धरून सहा असाल तर दोन ते तीन.

पाणी भरताना

पांढरा पाईप पिण्याच्या पाण्याचा. तो फक्त पिण्याच्या पाण्याच्या नळाला लावायचा आणि दुसऱ्या कशालाही नाही. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जो नळ असतो तो बहुधा सांडपाण्याचा पाईप धुण्यासाठी ठेवलेला असतो, पिण्यायोग्य नसल्याची पाटीही असते. घाईत असलेल्या माणसाला ती दिसत नाही. पांढरा पाईप तिथे काढायचाच नाही, एवढा एक नियम पाळा.

गाडीच्या डाव्या बाजूला पाण्याची तीन तोंडं आहेत. झाकणावर निळी पट्टी असलेलं टाकी भरण्याचं. हिरवी पट्टी असलेलं थेट जोडणीचं : कॅम्पग्राउंडच्या नळाला जोडलंत की टाकी आणि पंप यांची गरज उरत नाही, पंप बंद ठेवायचा. तिसरं, लाल पट्टीचं, ब्लॅक टाकी आतून धुण्याचं आहे. त्याला पाणी जोडून टाकीचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर ३० गॅलनची टाकी बघता बघता काठोकाठ भरते, आणि मग ते पाणी कमोडमधून वर येतं. हे आमच्याकडे एकदाच झालं आहे. त्यानंतर आम्ही त्या झाकणाला टेप लावून ठेवतो. टेप काढू नका.

थेट जोडणी करताना पाईपच्या आधी पितळी प्रेशर रेग्युलेटर बसवा. तो पांढऱ्या पाईपबरोबर पिशवीतच आहे. कॅम्पग्राउंडच्या नळाचा दाब कुठे ४० पीएसआय असतो, कुठे १०० च्या वर. गाडीतल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना ४० ते ५० पुरे.

जिथे जाणार तिथे नळजोडणी मिळणार असेल तर टाकी काठोकाठ भरून निघू नका. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरतं. भरलेली टाकी म्हणजे ३३० पौंडांवर, म्हणजे दोन माणसांचं वजन. तेवढं ओझं चढावर पेट्रोल खातं आणि उतारावर ब्रेकला जाणवतं. वाटेत हात धुण्यापुरतं आणि संडासापुरतं दहा-बारा गॅलन बास. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआला जाणाऱ्यांनी मात्र भरून निघावं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातल्या कॅम्पग्राउंडमध्ये वीज, पाणी, सांडपाणी यांतली कुठलीच जोडणी जागेवर मिळत नाही. डंप स्टेशन मॅथ्यूज आर्म, बिग मेडोज आणि लॉफ्ट माउंटन इथे आहेत.

रात्री पारा ३२ फॅरनहाइटच्या खाली जाणार असेल तर झोपण्यापूर्वी बाहेरचा पाईप काढून ठेवा आणि टाकीतलं पाणी वापरा. ऑक्टोबरअखेर डोंगरात हे होतंच.

गरम पाण्याचा हीटर ६ गॅलनचा आहे. त्यात पाणी नसताना तो चालू केला की विजेचं एलिमेंट जळतं. आधी गरम पाण्याचा नळ उघडा, धार सलग आली की मगच बटण दाबा.

आंघोळी

सहा माणसं, सकाळची वेळ, आणि 'आंघोळ झाल्याशिवाय चहा नाही' असं म्हणणारं घरात कोणीतरी एक. आम्हाला हे चांगलं माहीत आहे. शॉवर मिनिटाला दीड ते दोन गॅलन पाणी ओततो. दहा मिनिटांच्या दोन आंघोळींत ग्रे टाकी भरते, आणि तिसऱ्याच्या पायाशी पहिल्या दोघांचा साबण वर येतो.

म्हणून प्रत्येक गाडीत आम्ही एक बादली आणि तांब्या ठेवले आहेत. हसू नका. बादली १५ लिटरची, म्हणजे चार गॅलन. सहा जणांच्या आंघोळी चोवीस गॅलनमध्ये आटोपतात, ग्रे टाकीत भांड्यांसाठी थोडी जागाही उरते. शॉवरच हवा असेल तर अंग भिजवा, नळ बंद, साबण, मग नळ उघडा. कॅम्पग्राउंडवर न्हाणीघर असेल तर ते वापरा, तिथलं पाणी आपल्या हिशेबात येत नाही.

सिंकमध्ये तेल ओतू नका. फोडणीचं, वड्यांचं, लोणच्याच्या बरणीतलं, कुठलंच नाही. ते ग्रे टाकीच्या भिंतींवर थिजतं आणि जुलैच्या उन्हात असा वास मारतं की पुढचा ग्राहक आम्हाला ऐकवतो. ताटं आधी कागदाने पुसून घ्या. चहाचा चोथा आणि भाताची शितं गाळणीत धरा.

संडास : इथे पाणी भरपूर वापरा

बाकी सगळीकडे काटकसर, पण ब्लॅक टाकीत कंजुषी करू नका. ही टाकी बिघडते ती पाणी जास्त झाल्याने नव्हे, कमी पडल्याने. पाणी नसेल तर मैला कमोडखाली ढीग होऊन बसतो, वाळतो, आणि मग कुठल्याही औषधाला दाद देत नाही.

पायाजवळचं पेडल अर्धं दाबलं की भांड्यात पाणी येतं, पूर्ण दाबलं की खालचं तोंड उघडतं. आधी पाणी घ्या, मग बसा, मग पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद पाणी जाऊ द्या. आपली पाण्याने धुण्याची सवय या टाकीला मानवते : कागद कमी जातो, पाणी जास्त. संडासात एक टमरेल ठेवलेलं आहे. आलेल्या आजी-आजोबांची सोय होते आणि टाकीचंही भलं होतं. कागद वापरायचा तर गाडीत ठेवलेला, लवकर विरघळणारा तोच. ओले वाइप्स टाकू नका, पाकिटावर 'फ्लश करण्याजोगे' छापलेलं असलं तरी. डायपर आणि पॅड कचऱ्यात.

सगळ्यात मोठी चूक : पूर्ण जोडणीच्या (वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही असलेल्या) जागी पाईप लावून ब्लॅक टाकीचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवणं. वाटतं, आपोआप जाईल, कटकट मिटली. जातं ते फक्त पाणी. घट्ट ते मागे राहतं. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी निदान दोन तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं निघून जातं.

टाकी रिकामी करणं

पहिल्यांदा घाण वाटते. दुसऱ्यांदा पाच मिनिटांत होतं. बहुतेक घरांत हे काम कुणाच्या वाट्याला येतं हे आम्ही विचारत नाही, पण निघण्याआधी ठरवून घ्या.

हातमोजे घाला. टोपण काढण्यापूर्वी दोन्ही व्हॉल्व्ह आत ढकललेले आहेत ना, हे हाताने चाचपून पाहा. टोपण फिरवताना तोंड समोर धरू नका, थोडं पाणी अडकलेलं असतंच. जाड तपकिरी पाईप गाडीला फिरवून घट्ट बसवा. दुसरं टोक जमिनीतल्या तोंडात चांगलं आत घाला आणि वर दगड किंवा पाय ठेवा. हे टोक उसळलं तर त्या दिवसाची सहल तिथेच संपते.

आधी ब्लॅक. व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण ओढा. आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग ग्रे. साबणाचं पाणी मागून आलं की पाईप आतून आपोआप धुतला जातो. उलट क्रम केलात तर पाईपमध्ये काय उरेल ते सांगायला नको. दोन्ही बंद करून पाईप तिथल्या नळाने धुवा, टोपण लावा. शेवटी कमोडमधून दोन-तीन गॅलन पाणी आणि औषधाची एक पुडी ब्लॅक टाकीत सोडा. कोरडी टाकी घेऊन पुढे निघू नका.

ग्रे पाणी म्हणजे नुसतं साबणाचं पाणी, झाडाला घातलं तर काय बिघडलं, असं दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतं. राष्ट्रीय उद्यानांत ते जमिनीवर सोडायला मनाई आहे, दंड होतो, आणि अन्नाच्या वासाला अस्वलं येतात. शेनान्डोआत काळी अस्वलं पुष्कळ आहेत.

प्रोपेन

शेगडी, गरम पाणी, हीटिंग आणि वीज नसताना फ्रीज, हे सगळं एकाच टाकीवर चालतं. टाकी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बसवलेली आहे, सिलिंडरसारखी काढून नेता येत नाही. भरायला गाडीच न्यावी लागते. टाकीत सुमारे ९ गॅलन बसतात, म्हणजे १७ किलोंच्या आसपास. भारतातला घरचा सिलिंडर १४.२ किलोंचा, त्याहून थोडं जास्त. भरणारा माणूस ८० टक्क्यांवर थांबेल. तो फसवत नाही. उष्णतेने द्रव फुगतो, त्याला जागा लागते.

नुसता स्वयंपाक असेल तर एवढा गॅस आठवडेच्या आठवडे पुरतो. खातो तो गाडी गरम करणारा हीटर. तो ३०,००० बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) आहे, सतत जळला तर तासाला एक तृतीयांश गॅलन. ऑक्टोबरच्या गार रात्री तो निम्मा वेळ चालला तरी रात्रीत दीड गॅलन जातो. पाच-सहा रात्रींत टाकी तळाला येते.

आणखी एक गोष्ट, जी पहाटे तीनला कळते : हीटरचा पंखा बॅटरीवर चालतो. टाकी गॅसने भरलेली असली तरी बॅटरी उतरली तर ऊब नाही. जोडणी नसलेल्या जागी रात्री दिवे आणि पंखे विनाकारण चालू ठेवू नका.

टाकीचा व्हॉल्व्ह हळू उघडा. झटकन उघडलात तर आतली सुरक्षेची झडप गळती झाली असं समजून प्रवाह रोखते आणि शेगडीची ज्योत मिणमिणते. बंद करा, काही मिनिटं थांबा, पुन्हा सावकाश उघडा. मग आधी शेगडी पेटवून नळीतली हवा जाऊ द्या, हीटर नंतर.

फोडणी देताना छताची खिडकी उघडा आणि पंखा लावा. मिरची तडतडली की धुराचा अलार्म वाजणारच, कारण गाडीत शेगडीपासून पलंग सहा फुटांवर आहे. वैतागून अलार्मची बॅटरी काढू नका. एकाने ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवली होती, आम्हाला तीन आठवड्यांनी सापडली. शेगडी पेटवून गाडी गरम करायचा प्रयत्न कधीच करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली फरशीवर पसरतो. म्हणून गॅसचा अलार्म भिंतीवर खाली, पायाशी आहे. त्याच्यापुढे बॅगा रचू नका. सडक्या अंड्यासारखा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब जा, तिथून ९११ ला फोन करा. आम्हाला त्यानंतर.

पेट्रोल पंपावर शिरण्याआधी प्रोपेन बंद करा. न्यू जर्सीत पेट्रोल पंपावरचा माणूस भरतो, पण फ्रीजची ज्योत चालू आहे का हे त्याला कळणार नाही. आमचा आग्रह तर असा की गाडी चालू असताना प्रोपेन बंदच ठेवा. दार न उघडता फ्रीज काही तास सहज थंड राहतो.

बोगदे

बाल्टिमोरचे दोन्ही बोगदे, आय-९५ महामार्गावरचा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ वरचा हार्बर टनेल, १० पौंडांहून मोठ्या प्रोपेन टाकीला बंद आहेत. आपली टाकी त्याच्या कितीतरी पट आहे, आणि व्हॉल्व्ह बंद आहे हे सांगून चालत नाही. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज या पुलावरून जात. तो पूल २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला. आता आय-६९५ च्या पश्चिमेकडच्या बाजूने वळसा घ्यावा लागतो. फोनवरचा नकाशा हे सांगत नाही, त्याला तुम्ही साध्या कॅमरी कारमध्ये बसलाय असं वाटतं.

शेनान्डोआला आय-७८ ने हॅरिसबर्गच्या दिशेने जाऊन आय-८१ धरा, बाल्टिमोर लागतच नाही. स्कायलाइन ड्राइव्हवर मेरीज रॉक बोगदा मात्र आहे. त्याची उंची १२ फूट ८ इंच, आपल्या गाडीची ११ फूट ४ इंच. जाते, पण वर सायकली बांधू नका. मेन राज्याकडे जाणाऱ्यांनी आय-२८७ ने जुन्या टॅपन झी पुलाच्या जागी झालेल्या नव्या पुलावरून जावं. मॅनहॅटनच्या बोगद्यांत आमची गाडी न्यायची नाही, करारात तसं लिहिलं आहे.

परत देताना

ब्लॅक आणि ग्रे रिकाम्या हव्यात. रिकाम्या नसतील तर ते काम आम्ही करतो आणि त्याचे पैसे लावतो. प्रोपेन भरून आणायची गरज नाही, किती लागला ते आम्ही भरताना बघतो. चांगल्या पाण्याची टाकी कितीही असू दे, दर फेरीआधी आम्ही ती ब्लीचच्या पाण्याने धुतोच. काही तुटलं, गळलं, अडकलं असेल तर चावी देताना सांगा. रात्रीचा फोन नंबर सिंकवरच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. साडेनऊनंतरही उचलतो.