पूरविमा : अमेरिकेतील सक्ती आणि घरमालकाची जोखीम

पूरविमा, अमेरिकेतील : पुराचे पाणी घरात शिरून झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा, घराच्या नेहमीच्या विम्याहून वेगळा घ्यावा लागणारा विमा. अमेरिकेत घराच्या सर्वसाधारण विम्यात आग, चोरी, वादळवारा, अचानक फुटलेला नळ हे सारे येते. पूर मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेला असतो. वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला तर एक विमा, तेच पाणी अंगणातून चढून उंबरा ओलांडून आले तर दुसरा. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर मेक्सिकोच्या आखाताकाठी या एका फरकावरून वर्षानुवर्षे खटले चालले. जिथे घराचे नुसते जोते उरले होते, तिथे घर आधी वाऱ्याने पाडले की लाटेने, हे सांगायला साक्षीदार कुठून आणायचा?

या विषयात दोन प्रश्न हमखास एकमेकांत मिसळतात. विमा घेण्याची सक्ती कोणावर आहे, हा पहिला. आणि पाणी कोणाच्या घरात येऊ शकते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्यात आणि नकाशात मिळते. दुसऱ्याचे तिथे पूर्णपणे मिळत नाही, आणि बहुतेक घरमालकांची फसगत नेमकी इथे होते.

सरकार विम्याच्या धंद्यात कसे आले : १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला आलेल्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनी पूरविम्यातून अंग काढून घेतले. त्यांचे गणित चुकीचे नव्हते. पूरविमा घ्यायला पुढे येतो तोच, ज्याच्या दारात पाणी येते. आणि येते तेव्हा ते सगळ्या गावाच्या दारात एकदम येते. आगीत शंभर घरांतले एक जळते आणि उरलेल्या नव्व्याण्णवांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते, तसे पुरात होत नाही. १९६५ मध्ये बेट्सी वादळाने लुइझियानात हाहाकार उडवला, तेव्हा केंद्र सरकारला यात पडावेच लागले. भूगोलतज्ज्ञ गिल्बर्ट व्हाइट यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९६६ मध्ये एक इशारा देऊन ठेवला होता : विमा स्वस्तात वाटला, तर पूरमैदानात घरे बांधायला लोकांना उत्तेजनच मिळेल. म्हणून १९६८ च्या राष्ट्रीय पूरविमा कायद्यात एक सौदा बसवला गेला. गावाने किंवा काउंटीने पूरमैदानातील बांधकामावर नियम घालायचे, आणि त्या बदल्यात तिथल्या रहिवाशांना केंद्राचा विमा मिळायचा. जे गाव या राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रमात नाही, तिथल्या माणसाला ही पॉलिसी मागूनही मिळत नाही. आज बावीस हजारांहून अधिक स्थानिक संस्था कार्यक्रमात आहेत.

सुरुवातीला विमा ऐच्छिक होता. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने सस्क्वेहाना नदीकाठची विल्क्स-बॅरीसारखी शहरे बुडाली आणि विमा उतरवलेली घरे तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. त्यानंतर १९७३ च्या कायद्याने सक्ती आली. १९७९ मध्ये केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, म्हणजे फेमा, स्थापन झाली आणि पुढे हा कार्यक्रम तिच्याकडेच राहिला. १९८३ पासून खासगी कंपन्या आपल्या नावाने या पॉलिसी विकतात, दावेही हाताळतात, पण भरपाईचा पैसा सरकारी तिजोरीचा असतो. पॉलिसीच्या कागदावर ओळखीच्या कंपनीचे नाव दिसते, म्हणून अनेकांना तो खासगी विमाच वाटतो.

सक्ती कोणाला : तीन गोष्टी एकत्र आल्या की सक्ती लागू होते. इमारत फेमाच्या नकाशावरील ‘विशेष पूरधोका क्षेत्रा’त असावी, गाव कार्यक्रमात सामील असावे, आणि घरावर केंद्रीय नियमनाखालील बँकेचे किंवा केंद्राच्या पाठबळाचे कर्ज असावे. यातली एक जरी गोष्ट नसली, तरी कायदा गप्प बसतो. नदीच्या अगदी काठावरचे घर रोखीने घेतले असेल, तर कोणीही विमा मागायला येत नाही. कर्ज फिटले की सक्तीही संपते. नदी मात्र तिथेच असते.

किती रकमेचा विमा, याचे उत्तरही सावकाराच्या बाजूने लिहिलेले आहे. कर्जाची उरलेली बाकी, कार्यक्रमाची कमाल मर्यादा आणि इमारतीचे विमायोग्य मूल्य, या तिन्हींत जी रक्कम सर्वांत कमी, तेवढा विमा पुरतो. समजा घर पुन्हा बांधायला २,४०,००० डॉलर लागणार आहेत आणि कर्ज ६०,००० डॉलर उरले आहे. ६०,००० ची पॉलिसी दाखवली की कायद्याचे समाधान होते. पाणी आल्यावर त्यातून बँकेचा पैसा सुरक्षित राहील. घर उभे करायला उरलेले १,८०,००० घरमालकाने शोधायचे. घरातल्या सामानाचा विमा तर बँक सहसा मागतच नाही, कारण सोफा आणि कपाटे तिच्याकडे तारण नसतात.

कर्जदाराने विमा घेतला नाही किंवा तो खंडित होऊ दिला, तर बँक नोटीस देते, आणि ४५ दिवसांत पॉलिसी आली नाही तर स्वतःच विमा उतरवून त्याचा खर्च कर्जदारावर टाकते. हा लादलेला विमा बहुधा महाग असतो आणि जपतो तो मुख्यतः बँकेचे हित. २०१९ पासून ठरावीक अटींत बसणारा खासगी पूरविमाही बँकांना स्वीकारावा लागतो, त्यामुळे सरकारी पॉलिसी हाच एक मार्ग राहिलेला नाही. आणखी एक कलम अनेकांच्या लक्षात राहत नाही : पूरक्षेत्रातील घरासाठी एकदा केंद्राची आपत्ती मदत घेतली, की त्या घराचा पूरविमा चालू ठेवणे बंधनकारक होते, आणि घर विकले तरी ही अट नव्या मालकाकडे जाते.

नकाशावरची रेघ : फेमाच्या नकाशांवर ‘ए’ आणि ‘व्ही’ या अक्षरांनी सुरू होणारे विभाग विशेष पूरधोका क्षेत्रात येतात. ‘व्ही’ म्हणजे किनाऱ्यावरचा असा पट्टा, जिथे पाण्याबरोबर तीन फूट किंवा त्याहून उंच लाटांचा मारा अपेक्षित असतो. ‘एक्स’ विभाग बाहेरचा. त्यातला छायांकित भाग मध्यम धोक्याचा, कोरा भाग कमी धोक्याचा. कोणत्याही एका वर्षी ज्या पुराची शक्यता १ टक्का आहे, त्या पुराचे पाणी जिथवर पोचेल तिथे विशेष क्षेत्राची रेघ ओढलेली असते. यालाच बोलीत ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात. या नावाने जितका गैरसमज पसरवला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या संज्ञेने पसरवला असेल. गेल्या साली आला, म्हणजे आता शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी फासा नव्याने पडतो. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक भरते.

आता ही रेघ एका गल्लीतून जाते असे धरू. डाव्या हाताचे घर ‘एई’ विभागात, उजव्या हाताचे ‘एक्स’मध्ये, आणि दोन्ही जोत्यांच्या उंचीत जेमतेम वीतभर फरक. डावीकडच्याला बँक विम्याशिवाय कर्ज देणार नाही. उजवीकडच्याला दलाल सांगेल, ‘तुमचे घर पूरक्षेत्रात नाही.’ हे वाक्य कायद्याच्या भाषेत खरे आणि पाण्याच्या भाषेत अर्धवट आहे. २०१७ मध्ये हार्वी वादळाने टेक्सासच्या आग्नेय भागात एका ठिकाणी ६० इंचांहून जास्त पाऊस ओतला. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे, तिथे पाणी शिरलेल्या घरांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक घरे या रेघेच्या बाहेर होती. २०२४ मध्ये हेलीन वादळाने समुद्रापासून शेकडो मैल आत, उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरांत, अ‍ॅशव्हिल परिसरातील नद्या फुगवल्या. तिथे पूरविमा असलेली घरे अगदीच थोडी होती. नकाशे प्रामुख्याने नदी-ओढ्यांचा आणि समुद्राचा पूर मोजतात. शहरातली गटारे तुंबून रस्त्यावर साचणारे पावसाचे पाणी त्यांत बहुधा धरलेलेच नसते.

रेघ उलट बाजूनेही चुकू शकते. नकाशाने घर क्षेत्रात घेतले आहे, पण त्याखालची नैसर्गिक जमीन ‘आधारभूत पूरपातळी’इतकी, म्हणजे त्या १ टक्का शक्यतेच्या पुराचे पाणी जितके चढेल तितकी, किंवा तिच्याहून उंच आहे, असे परवानाधारक सर्वेक्षकाच्या मोजणीतून दाखवता आले, तर घरमालक फेमाकडे नकाशा-दुरुस्तीचा अर्ज करू शकतो. फेमा त्यासाठी शुल्क घेत नाही. मोजणीचा खर्च मालकाचा. दुरुस्ती मंजूर झाली की सक्ती उठते. काही बँका त्यानंतरही स्वतःच्या अधिकारात विमा मागतात, आणि तो अधिकार त्यांना आहे.

हप्ता : जुन्या पद्धतीत हप्ता मुख्यतः विभाग आणि घराची उंची यांवरून ठरे. ऑक्टोबर २०२१ पासून नव्या पॉलिसींना आणि एप्रिल २०२२ पासून जुन्यांच्या नूतनीकरणाला नवी दरपद्धत लागू झाली. तिच्यात पाण्यापासूनचे अंतर, पुराचे वेगवेगळे प्रकार, पहिल्या मजल्याची उंची आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च असे घटक घरागणिक पाहिले जातात. यातली गंमत अशी, की हप्ता ठरवताना नकाशावरचा विभाग बाजूला ठेवला गेला, कारण तो जोखीम नीट सांगत नाही; सक्ती मात्र अजून त्याच विभागावर उभी आहे. राहत्या घराच्या हप्त्यात वर्षाला साधारण १८ टक्क्यांहून अधिक वाढ करायला कायद्याची मनाई असल्याने, ज्यांचा खरा दर खूप वर निघाला त्यांचा हप्ता दरवर्षी पायरीपायरीने चढतो आहे.

गावाने स्वतःहून अधिक कडक नियम पाळले, तर तिथल्या सर्व पॉलिसींना ५ पासून ४५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. कॅलिफोर्नियातील रोझव्हिल हे सर्वोच्च श्रेणी मिळवणारे पहिले शहर.

पॉलिसीत काय येते : एक ते चार कुटुंबांच्या निवासी इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर, अशी सरकारी पॉलिसीची मर्यादा आहे. दोन्ही विमे वेगळे, आणि दोन्हींना डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः सोसायची रक्कम, वेगवेगळी लागते. ‘पूर’ या शब्दाची व्याख्याही ठरलेली आहे : एरवी कोरडी असणारी दोन एकर किंवा अधिक जमीन, किंवा दोन अथवा अधिक मालमत्ता, पाण्याखाली गेलेल्या असाव्यात. फक्त तुमच्याच तळघरात गटार उलटून पाणी आले, तर तो या व्याख्येत पूर नव्हे.

तळघर ही वादांची खाण आहे. तिथली घर उबदार ठेवणारी भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, विजेचे पॅनेल, उपसा पंप यांना इमारतीच्या विम्यातून भरपाई मिळते. सामानाचा विमा असेल तर कपडे धुण्याचे यंत्र आणि फ्रीझरलाही. पण हौसेने तळघर सजवून तिथे घातलेला गालिचा, लाकडी भिंती, सोफा, टीव्ही यांना काहीही नाही. मोटारी नाहीत, अंगणातली झाडे नाहीत, आणि घर दुरुस्त होईपर्यंत भाड्याने राहण्याचा खर्चही नाही. सामानाची भरपाई घसारा वजा करून मिळते, त्यामुळे दहा वर्षे वापरलेल्या पलंगाचे पैसे हातात पडतात तेव्हा नवा पलंग येत नाही.

नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. वादळ टीव्हीच्या नकाशावर दिसू लागल्यावर फोन करणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. गृहकर्ज घेताना काढलेल्या पॉलिसीला ही वाट पाहावी लागत नाही.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ उरते, आणि दाव्याच्या दृष्टीने ती नकाशावरच्या रेघेपेक्षा मोलाची. तिचे फोटो काढावेत. भिजलेला गालिचा फेकण्याआधी त्याचा एक तुकडा कापून ठेवावा. उपकरणांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. ओल तशीच ठेवून बुरशी वाढू दिली, तर ते नुकसान मालकाच्या हलगर्जीचे ठरू शकते. नुकसानीचे शपथपूर्वक निवेदन ६० दिवसांत द्यावे लागते. मोठ्या आपत्तीत ही मुदत कधी कधी वाढवली जाते.

दुरुस्तीचा खर्च घराच्या पूर्वीच्या बाजारमूल्याच्या निम्म्यावर गेला, तर घर जुन्या उंचीवर पुन्हा उभारता येत नाही; चालू नियमांप्रमाणे ते उचलावे किंवा हलवावे लागते. त्यासाठी पॉलिसीतून आणखी ३०,००० डॉलरपर्यंत मिळू शकतात, पण इमारतीची एकूण भरपाई कमाल मर्यादा ओलांडू शकत नाही. आख्खे घर जॅकवर उचलून खाली खांब घालण्याचा खर्च त्या रकमेत क्वचितच भागतो. त्यामानाने स्वस्त उपाय म्हणजे जोत्याच्या बंदिस्त भिंतींत पाणी आत-बाहेर होऊ देणारी भोके : दर चौरस फूट बंदिस्त जागेला एक चौरस इंच. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट दिली, की दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहतो आणि भिंत कोसळत नाही.

कार्यक्रमाची प्रकृती : कॅटरिनाच्या एकाच वर्षात १६ अब्ज डॉलरहून अधिक दावे द्यावे लागले आणि कार्यक्रम कर्जात गेला. २०१७ मध्ये संसदेने १६ अब्जांचे कर्ज माफ केले. तरी २० अब्जांहून अधिक उरलेच. त्याच वर्षापासून कार्यक्रम लहान लहान मुदतवाढींवर चालत आला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प झाले तेव्हा मुदत संपली, आणि आठवडे उलटले तरी नव्या पॉलिसी देता येत नव्हत्या. पूरक्षेत्रातील घरखरेदीचे व्यवहार त्यात अडकले.

घर घेणाऱ्यासाठी : त्या घरात पूर्वी पाणी शिरले होते का, हे विकणाऱ्याने सांगायलाच हवे असा देशभर लागू असणारा कायदा नाही; प्रत्येक राज्याचा नियम निराळा. टेक्सासने हार्वीनंतर, २०१९ मध्ये, हे प्रकटीकरण सक्तीचे केले. न्यू जर्सीने २०२३ मध्ये. फेमाकडे घरावरच्या जुन्या दाव्यांची नोंद असते, पण खासगीपणाच्या कायद्यामुळे ती फक्त विद्यमान मालकालाच मिळते. म्हणून खरेदीदाराने विकणाऱ्यालाच ती नोंद फेमाकडून मागवून दाखवायला सांगावे, आणि तो टाळाटाळ करू लागला तर तेही उत्तर समजावे.