सही उडाली, पंजा राहिला

कॉलेजात असताना मी एक जलरंगातलं चित्र काढलं आणि कोपऱ्यात लाल शाईने, शेपूट लांबवर ओढून, झोकदार सही ठोकली. चित्र यथातथाच होतं. सही मात्र पुढच्या पिढ्यांनी वाचावी म्हणून केलेली. वर्षानुवर्षं ते खिडकीसमोरच्या भिंतीवर होतं. परवा खाली उतरवलं, तर डोंगर शाबूत आणि सही गायब!

पेनात भरायच्या लाल शाईत बऱ्याचदा इओसिन नावाचा रंग असतो. तो ज्या पद्धतीने स्वतःचा घात करतो, ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रकाश पडला की रंगाच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी मारतो. टिकाऊ रंगात तो लगेच खाली येतो, ऊर्जा उष्णता होऊन जाते, विषय संपला. इओसिनच्या रेणूवर मात्र ब्रोमीनचे चार जड अणू असतात. जड अणू जवळ असला की इलेक्ट्रॉनची फिरकी उलटणं सोपं होतं. ती उलटली की इलेक्ट्रॉन वरच अडकतो, कारण खाली बसलेल्या जोडीदाराची फिरकी आता त्याच्यासारखीच असते, आणि एका पायरीवर सारख्या फिरकीचे दोघं बसू शकत नाहीत. ही ट्रिप्लेट अवस्था नेहमीच्या उत्तेजित अवस्थेच्या हजारो पट टिकते. तेवढ्यात हवेतला ऑक्सिजन येऊन धडकतो. तो मुळातच ट्रिप्लेट असल्याने देवाणघेवाण चटकन जमते: इओसिन खाली उतरतं, ऑक्सिजन चेकाळून सिंगलेट (उलट फिरक्यांच्या जोडीचा) होतो आणि इओसिनच्याच दुहेरी बंधांवर तुटून पडतो. त्या बंधांची साखळी म्हणजेच रंग. साखळी तुटली, लाली गेली.

व्हॅन गॉगने वापरलेल्या जिरेनियम लेक या रंगातही इओसिनच होतं. १८९० साली, मृत्यूच्या काही महिने आधी, त्याने रंगवलेले गुलाबी गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. नवे रंग टिकत नाहीत हे त्याला ठाऊक होतं. भावाला त्याने तसं लिहिलंही होतं. तरी वापरले.

याउलट गेरू. त्यातला लाल रंग हेमॅटाइटचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. तिथे इलेक्ट्रॉनने उडी मारली तरी ऊर्जा स्फटिकात उष्णता होऊन विरते, आणि ऑक्सिजनने हल्ला करावा असं काही उरलेलंच नसतं. लोह आधीच पुरतं गंजलेलं! राख पुन्हा कशी जळणार? इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीला पंजा टेकवून भोवती रंग फुंकलेले ठसे आहेत. त्यातल्या एकावर साचलेल्या चुनखडीच्या पापुद्र्यातलं युरेनियम आणि थोरियम मोजून त्याचं वय २०१४ मध्ये किमान ३९,९०० वर्षं ठरलं. पंजा कुणाचा, कशासाठी, ते भिंत सांगत नाही.

मध्यंतरी ब्लॉकचेनवरची, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या नोंदींच्या साखळीवरची, कला अजरामर असते म्हणून लोकांनी पैसे ओतले. त्या साखळीत बऱ्याचदा चित्र नसतंच, चित्राचा पत्ता असतो. पत्त्यावरचा सर्व्हर बंद पडला की अमरत्वाची पावती तेवढी हातात.

चित्राची चौकट उघडली तेव्हा दिसलं, सहीचं शेपूट कडेच्या पुठ्ठ्याखाली गेलं होतं. नखाएवढा तो फराटा अजून लालभडक आहे.